४/६ ओतताना : उद्यमबाग, बेळगाव इथल्या नोंदी

१८ फेब्रुवारी

काकांचं 'बसलेली' हे शिल्प १९८४ सालचं. ब्राँझ, सहाची एडिशन, म्हणजे नंबर घातलेल्या सहाच प्रती. त्यातली तीन तेव्हाच ओतून झाली, मग पैसे संपले आणि गिऱ्हाईकंही. आता पुण्याच्या एका आर्किटेक्टना ४/६, म्हणजे सहातली चौथी, हवी आहे. काकांच्या जुन्या ओताऱ्याचा कारखाना केव्हाच बंद पडलाय.

माझी फाउंड्री उद्यमबागेत, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. पंपाच्या बॉड्या, ब्रॅकेट, कधीमधी गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचे, बुश. काका म्हणाले, "तू ओत की. धातू तो धातूच." हे वाक्य नंतर मी त्यांना बऱ्याचदा ऐकवलंय.

नोंदी ठेवतोय, कारण बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात बीड ओतणारे पावलोपावली आहेत, पण पोकळ ब्राँझचं विचारायला गेलं की लोक मुंबई-बडोद्याकडे बोट दाखवतात.

आमच्या मेल्टरने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला : साचा आहे तर सहाच का, साठ का नकोत? काकांनी त्याला बसवून सांगितलं. फ्रान्समध्ये नंबर घातलेले आठ आणि कलाकाराचे म्हणून चार, अशा बारा प्रती मूळ मानतात. "मला बारा विकायला जन्म पुरला नसता, म्हणून सहा लिहिलं. लिहिलं म्हणजे लिहिलं." दगडाचा हिशोब वेगळा. हाच आकार काकांनी आधी काळ्या दगडात कोरला होता, तो टिळकवाडीच्या घरी अंगणात आहे. त्याला नंबर नाही, कारण दुसरा होणारच नाही.

२४ फेब्रुवारी

मूळ प्लास्टर शहापूरच्या जुन्या घरी माळ्यावर होतं, कांबळ्यात गुंडाळलेलं. आतल्या लोखंडी सळ्या गंजल्यामुळे पाठीवर तांबूस डाग आणि मानेखाली एक बारीक चीर. चीर पीओपीने भरली, वरून स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या चपडा लाखेचे दोन हात. डागांना हात लावला नाही, ते साच्यात उतरत नाहीत.

उंची ६३५ मिमी. खांदा, गुडघा, बैठकीची रुंदी ही मापंही वहीत घातली. कोणी असं काम काढणार असेल तर मूळ प्लास्टरची मापं आधी घ्या. का ते पुढे येईलच.

माळ्यावर काकांची जमाखर्चाची वहीही सापडली. बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांकडे ड्रॉइंग, मग मुंबईला जे. जे., मग परत इथे शाळेत चित्रकला शिक्षक, हे सगळं मला ऐकून ठाऊक होतं. पैशाचा हिशोब ठाऊक नव्हता. जमेच्या बाजूला निपाणी, चिकोडी, खानापूर इथले अर्धपुतळे आणि गावोगावचे शिवाजी महाराज, बहुतेक फायबरचे. खर्चाच्या बाजूला तांबं, कथील, मेण, कोळसा. एका चौकातला पुतळा आला की महिना-दोन महिन्यांनी 'बसलेली'चा एक नंबर ओतलेला दिसतो. मधे कुठे कलादालनाचा पैसा नाही.

काकांच्या आधीच्या पिढ्यांतल्या नव्या वळणाच्या शिल्पकारांचंही थोड्याफार फरकाने असंच होतं. आदी दावियरवाला मूळचे फार्मासिस्ट. रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ साली 'संथाल परिवार' उभा केला तो सिमेंट आणि जांभ्याच्या खडीत. काकांना तो फार प्रिय. "जांभा तर आपल्या अंगणात पडलाय," असं ते म्हणायचे, पण स्वतः कधी वळले नाहीत. ब्राँझचा नाद सुटला नाही.

६ मार्च

सिलिकॉनचा साचा झाला. दोन भाग, बाहेरून पीओपीचं कवच. सिलिकॉन, हार्डनर, सगळं धरून अकरा हजार गेले. ब्रशने पहिला थर पातळ द्यायचा आणि फुंकर मारत बुडबुडे फोडायचे. जाड थर एकदम ओतला तर काखेत आणि मांडीखाली हवा अडकते, आणि तो प्रत्येक बुडबुडा पुढे मेणावर पुटकुळी होऊन येतो.

१५ मार्च

पद्धत मेण घालवायची : सिलिकॉनच्या साच्यातून मेणाची पोकळ प्रत काढायची, तिच्या आत-बाहेर भट्टीत टिकणारा साचा भरायचा, मेण जाळायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. मेण : पॅराफिन, मधमाशीचं मेण आणि थोडी राळ. वितळलेलं मेण साच्यात ओतायचं, साचा सगळीकडून फिरवायचा, उरलेलं परत काढायचं, असं पाच मिमी जाडी येईपर्यंत. प्लास्टरवरून येणारं मेण थोडं आकसतं, धातू आणखी आकसतो. आमच्या पॅटर्नमेकरकडे बिडाची संकोच-पट्टी आहे, म्हणजे आकसणं धरून मापं वाढवलेली, एक टक्क्याची. ब्राँझला ती चालत नाही, दीड टक्का धरावा लागतो. मेण आणि धातू मिळून दोन टक्क्यांच्या आसपास.

मेणाचं वजन २.९ किलो. ब्राँझ त्याच्या नऊ-साडेनऊपट, म्हणजे सत्तावीस किलो, वर गेट-रायझर, म्हणजे धातू आत जायच्या आणि वर यायच्या वाटा, धरून चाळीस किलोची तयारी. काकांनी बैठकीच्या आतल्या बाजूला, ओल्या-कोमट मेणात, नखाने सही म्हणून आपलं 'व' ओढलं. मागच्या तिन्हींवर तसंच आहे म्हणे.

२ एप्रिल

ही नोंद लांबणार आहे.

धातू आणि रंग जुळवायला जुनी प्रत समोर हवी. २/६ कॅम्पातल्या एका डॉक्टरांच्या घरी होती, त्यांनी आनंदाने दिली. दगडी बैठक तडकलेली होती, त्याबद्दल नंतर. मग कळलं की कोल्हापुरातही एकांकडे 'बसलेली' आहे, नंबर ३/६. वहीप्रमाणे ३/६ नाशिकला गेली होती. काका म्हणाले, "विकली असेल पुढे, माणसं विकतात." गृहस्थांनी गाडीत घालून स्वतः आणून दिली.

दोन्ही बाकावर शेजारी ठेवल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. आमच्या क्वालिटीच्या पोराला स्वस्थ बसवत नाही, त्याने सवयीने हाइट गेज लावला. २/६ : ६२२. दुसरी : ६१०.

मला वाटलं, बैठक घासली असेल. म्हणून खांदे मोजले, गुडघा मोजला, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर मोजलं. सगळीकडे तेवढाच फरक, दोन टक्के कमी. घासून असं होत नाही. प्लास्टर ६३५, त्यावरून ओतलेलं ६२२, आणि त्या ६२२ वरून परत साचा घेऊन ओतलं तर ६१०. म्हणजे ही प्लास्टरवरून आलेलीच नाही. कोणीतरी तयार ब्राँझवर साचा घेतला आणि त्यावरून ओतली.

उलटी करून पाहिली. २/६ च्या आत काकांचं 'व' कडा धरून आहे, नखाच्या मागे सरकलेलं मेणसुद्धा दिसतं. दुसरीतलं 'व' भरून आल्यासारखं, बोथट. कानशीने थोडा कीस काढून दोन्हींचा स्पेक्ट्रो केला, म्हणजे कोणता धातू किती ते तपासलं. २/६ मध्ये तांबं ८८, कथील १०, जस्त २ च्या जवळपास, म्हणजे जुनं नेव्हीचं गनमेटल. दुसरीत तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच. तो पंपाच्या व्हॉल्व्हचा धातू, आमच्या सगळ्या पट्ट्यात टनावारी मिळतो. काकांनी शिसं घातलेला धातू कधी वापरला नाही, त्यावर रंग करडा चढतो म्हणून.

शेवटी नाशिकला फोन. त्या घरी ३/६ आजही दिवाणखान्यात आहे. मुलीने टेपने मोजून सांगितलं : ६२२.

काका ती बोथट प्रत हातात फिरवत बसले. "काम वाईट नाही रे," म्हणाले. कोणी केली असेल याचा त्यांना अंदाज आहे. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हाच्या काळात ओताऱ्याकडे ब्राँझ दोन आठवडे राहायचं. तेवढ्यात साचा घेणं अवघड नव्हतं.

कोल्हापूरच्या गृहस्थांना सांगणं हे या प्रकल्पातलं सगळ्यात वाईट काम होतं. त्यांनी ती चांगल्या पैशाने घेतलेली. आधी त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, हाइट गेजवर विश्वास नाही म्हणाले. मग स्वतः खांदे मोजले. काकांनी त्यांना पत्र लिहून दिलं : ही प्रत माझ्या शिल्पावरून आहे, माझ्या देखरेखीखाली ओतलेली नाही, एडिशनमध्ये धरू नये. तोडायची की ठेवायची ते तुमच्यावर. त्यांनी ठेवली.

मला हे पटलं नव्हतं. मी म्हणालो, नंबर तरी खरडून काढा. काका नको म्हणाले. "खरडला की उद्या कोणीही दुसरा घालेल. पत्र तिच्याबरोबर राहू दे."

तेव्हापासून ठरलं : ४/६ च्या कागदावर उंची, वजन, धातूची टक्केवारी आणि ओतल्याचं साल हे सगळं येणार. सही कोणीही करतो, दोन टक्के चोरता येत नाहीत.

१६ एप्रिल

पहिलं पोअरिंग. वाया.

साचा असा होता : पीओपी एक भाग, खानापुरी कौलांची भुकटी आणि सिलिका वाळू मिळून दोन भाग. आतल्या पोकळीत त्याच मिश्रणाचा गाभा, गाभ्याला आधार म्हणून स्टेनलेसच्या पिना. बाहेरून कोंबडीच्या जाळीचा वेढा. मेण जाळायला भट्टीत घातला. भट्टी आम्हाला दुसऱ्या कामाला हवी होती, म्हणून धूर थांबल्यावर लगेच काढला.

धातू इंडक्शन भट्टीवर. आमची माणसं बीड १३५०-१४०० अंशांना ओततात, त्यांना ११५० म्हणजे थंड वाटतं. रंग बघून म्हणाले, अजून चढू दे. चढू दिला. थर्मोकपल लावला तेव्हा १२६० दाखवत होता. वितळवायला घातलेल्या मालात टर्निंगही होती, म्हणजे लेथचा कीस, तेलकट. शिवाय लाडल, म्हणजे ओतायचा डाव, बिडाची.

ओतताना छान गेलं. फोडल्यावर :

डावा गुडघा आलाच नाही, तिथे हवा अडकली होती. पाठीवर घासलं तर सुईच्या टोकाएवढी भोकं, घासावं तितकी अधिक. मांडीच्या आत काजळी बसलेली, मेणाचा कोळसा पूर्ण जळला नव्हता. आणि फाइल घासताना दोन ठिकाणी फाइलच घसरली : लाडलमधला बिडाचा अंश धातूत जाऊन कडक दाणे झाले होते.

चाळीस किलो धातू, किलोला अकराशेच्या आसपास. धातू परत वितळवता येतो, पण बिडाचा अंश गेलेला शिल्पाला नको म्हणून तो बुशांना वापरला. साचा, मेण, लोकांचा वेळ, वीज : पंचवीस हजार तरी पाण्यात.

आमचा मेल्टर गोकाककडचा, मराठी बोलतो पण रागावला की कन्नडवर येतो. "अवसर माडब्याडरी अंत हेळिदे," म्हणाला. घाई करू नका म्हणून सांगितलं होतं, असं. सांगितलं होतं खरं.

९ मे

दुसरं पोअरिंग, काय बदललं ते :

मेण परत केलं, या वेळी उलट्या बाजूने प्रकाश धरून जाडी तपासली. पाठीला पातळ होतं तिथे आतून चढवलं. गेट खालून. बिडाला आम्ही बऱ्याचदा वरून सोडतो, इथे धातू खालून शांत वर यायला हवा. डोकं आणि दोन्ही गुडघे इथून हवेच्या नळ्या वर काढल्या.

भट्टी हळूहळू चढवली. ६५० वर ठेवली आणि नुसता धूर थांबला म्हणून काढली नाही. नळीच्या तोंडाशी आतला भाग पांढरट दिसेपर्यंत, काजळी अजिबात नाही, तोपर्यंत थांबलो. सातशेच्या वर जाऊ दिली नाही, पीओपी भुसभुशीत होतो. भट्टीतून काढल्यावर साचा वाळूत पुरून त्याच दिवशी ओतला. ठेवून दिला तर हवेतली ओल परत पितो.

मूस नवी, ग्रॅफाइटची, फक्त याच कामाची. नवं तांबं, कथील आणि थोडं जस्त, टर्निंग नाही. वरून कोळशाचं झाकण. कथील, जस्त शेवटी. काढण्याआधी धातूतला ऑक्सिजन घालवायला फॉस्फर कॉपरचा तुकडा, ढवळायला ग्रॅफाइटची कांडी. ११५० ला बाहेर, कोणाचंही न ऐकता.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास'मध्ये, म्हणजे बाराव्या शतकात, मेण घालवून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. काकांनी त्यातलं मेणाच्या वजनावरून धातूचं वजन धरायचं गणित आमच्या पोरांना सांगितलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्याच राज्यात. पोरांना चालुक्यांपेक्षा गणित नऊशे वर्षांनी जुळलं याचं अप्रूप.

फोडली. गुडघे आले. मानेमागे एक छोटी खोच, वेल्डिंगने भरण्याजोगी.

२८ मे

फेटलिंग. रायझर कापणं, पिना काढून भोकं त्याच धातूच्या तुकड्यांनी बंद करणं, टिग वेल्डिंगने मानेची खोच भरणं. ८८-१०-२ मध्ये शिसं नसल्यामुळे वेल्ड नीट बसलं. कोल्हापूरच्या प्रतीत आहे तसल्या धातूवर आमच्या वेल्डरने एकदा प्रयोग केला होता, शिशाचा धूर आणि नुसत्या चिरा.

काका रोज रिक्षाने येतात. मशीनने घासलेलं त्यांना बोटाला कळतं. खांद्याची कड आमच्या पोराने ग्राइंडरने गुळगुळीत केली होती. त्यांनी २/६ वर त्याचा अंगठा फिरवून घेतला, मग ४/६ वर. २/६ वर कड येते, थांबते, मग वळते. ४/६ च्या कडेची वरची एक मिमी गेली होती. ती वेल्ड चढवून परत आणली आणि पुढचं फाइलने, हाताने. तीन दिवस त्यातच.

उंची ६२२.

१९ जून

पाऊस लागला. बेळगावचा पाऊस धरून बसतो, त्यामुळे रंगाचं काम शेडमध्ये हॅलोजनखाली. ब्लोलँपने धातू तापवायचा, पाण्याचा थेंब चुरकन उडेल इतका, आणि ब्रशने आधी लिव्हर ऑफ सल्फर पातळ करून, वर फेरिक नायट्रेट. दमट दिवशी धातू बाहेरून कोरडा दिसतो पण सांध्यांतून वाफ येते आणि रंगावर पांढरट डाग पडतात. पूर्ण काढून परत केला. दुसऱ्या वेळी आधी अर्धा तास नुसती तापवली.

आर्किटेक्टचं म्हणणं, जुन्यांसारखी काळपट हवी. काका ऐकेनात. "ती चाळीस वर्षं घरात होती, ही कालची आहे. जुनी दाखवली तर मग कोल्हापूरच्यात आणि आपल्यात फरक काय?" तपकिरी ठेवली, वर कार्नोबा मेण.

बैठकीवर काकांनी पंचाने ४/६ ठोकलं, नेहमीसारखं देवनागरीत. शेजारी १९८४ आणि ओतल्याचं साल, दोन्ही.

१२ जुलै

दगड. २/६ ची बैठक का तडकली ते तिला काढल्यावर कळलं. ब्राँझ आणि दगड जोडायला तेव्हा साधी लोखंडी सळी घातली होती. लोखंड गंजलं की फुगतं, आणि दगड फोडतं. ब्राँझला लागून असल्यामुळे गंज आणखी लवकर. दोन्ही बैठका नव्या करायच्या ठरल्या, डॉक्टरांची फुकट.

आर्किटेक्टना इलकलचा गुलाबी ग्रॅनाइट हवा होता. काकांना काळाच, अंगणातल्या 'बसलेली'सारखा. खानापूर रोडवरच्या पाथरवटाने काळ्या दगडाचे दोन ठोकळे दिले. डायमंड ब्लेडने मापात, पण वरचा भाग टाकीने, घाव दिसू देऊन. मी म्हणालो पॉलिश करून घेऊ, लवकर होईल. पाथरवट आणि काका दोघांनीही माझ्याकडे एकदम पाहिलं. खालच्या कडेला तेवढं चारशे नंबरपर्यंत घासलं.

सळी स्टेनलेस ३०४, सोळा मिमी. भोक एकोणीस, बाकी एपॉक्सी. भोक पाडताना पाणी सतत. दगड तापला की तोंडाशी कपचा उडतो.

दोन बैठका, मजुरी-वाहतुकीसह, अठरा हजार.

४ ऑगस्ट

पाठवणी. आमच्या अकाउंटंटने चलनावर सवयीने लिहिलं : 'गनमेटल कास्टिंग, १ नग, २७.४ किलो.' माल उद्यमबागेतून निघतो तर दुसरं काय लिहिणार.

काकांनी ते वाचलं आणि शिल्पकार ब्रांकुशीची गोष्ट काढली. आम्ही ती लहानपणापासून ऐकतोय, पण अकाउंटंटला नवीन होती. १९२६ मध्ये ब्रांकुशीचं 'बर्ड इन स्पेस' अमेरिकेत आलं तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला पक्षी मानलं नाही, शिल्पही मानलं नाही. स्वयंपाकाच्या आणि दवाखान्याच्या भांड्यांच्या वर्गात घालून ४० टक्के जकात लावली. खटला झाला, १९२८ साली कोर्टाने ते शिल्पच ठरवलं. "आणि तू मला इथे बुश करतोस?"

अकाउंटंटने ९७०३ शोधून काढला, मूळ शिल्पांचा कोड, आणि चलन बदललं. ट्रान्सपोर्टवाल्याने दोनदा विचारलं, नक्की मशीनचा पार्ट नाही ना.

१६ ऑगस्ट

पुण्यात बसली. मोजणीचा कागद सोबत गेला.

एकूण खर्च, वाया गेलेल्यासह, एक लाख बहात्तर हजार. माझा आणि काकांचा वेळ न धरता. पहिल्या पोअरिंगमध्ये घाई केली नसती तर दीडच्या आत बसलं असतं.

सिलिकॉनचा साचा अजून चांगला आहे, टाल्क लावून सरळ फळीवर, कवचासकट ठेवलाय. सिलिकॉन नुसतं ठेवलं की वाकतं. प्लास्टर परत कांबळ्यात, शहापूरला. ५/६ चं विचारलंय कोल्हापूरच्याच गृहस्थांनी. काकांनी भाव कमी केला नाही, हप्ते कबूल केले. मेण पावसात करायचं नाही, दिवाळीनंतर.